रिपोर्टमधला 'एफ'चा रकाना

(माहितीपटाचं निवेदन)

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा ग्लोबिन साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक ॲसिडच्या ऐवजी काय येतं? उत्तर : व्हॅलीन. नीटची तयारी करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, सांगेल. बरोबर आलं तर चार गुण, चुकलं तर एक वजा. १८० प्रश्नांना १८० मिनिटं, म्हणजे व्हॅलीनच्या वाट्याला एक मिनिट.

[दृश्य : कुरखेड्याचा एसटी स्टँड. पावसाळी सकाळ.]

गडचिरोली जिल्हा. कुरखेड्याहून पुढे जंगलात शिरणारी ही बस. मागच्या सीटवर बायोलॉजीचं पुस्तक उघडून बसलेली मुलगी बारावी सायन्सला आहे. डॉक्टर व्हायचं, हे तिचं ठरलंय. दरवर्षी वीस लाखांहून जास्त मुलं जी परीक्षा देतात, तीच तिलाही द्यायची आहे. तिचा चेहरा आम्ही दाखवणार नाही, नावही सांगणार नाही. ही अट तिची नाही, तिच्या आजीची. त्याचं कारण पुढे येईल.

तिच्या घरापासून चार घरं सोडून काकाचं घर. काकाला दोन मुलगे. दोघांचाही पॅटर्न एसएस. या भागात सिकलसेलबद्दल लोक असंच बोलतात. "तुमचा पॅटर्न कोणता?" एए म्हणजे काही नाही. एएस म्हणजे वाहक. एसएस म्हणजे आजार. शाळेत न गेलेल्या बायकाही ही इंग्रजी अक्षरं बिनचूक सांगतात.

थोरला पंधरा वर्षांचा. शाळेच्या कबड्डीच्या संघात आहे. धाकटा अकरा वर्षांचा. रोवणीच्या दिवसांत बांधावर भिजला, की त्याची हाडं ठणकायला लागतात. डोळे पिवळे होतात. दुखणं इतकं, की अंगावरचं पांघरूणही त्याला सहन होत नाही. मग खाट, मग कुणाची तरी मोटारसायकल, मग ग्रामीण रुग्णालय, सलाइन.

आई तीच, बाप तोच, भातही एकाच भांड्यातला. रिपोर्टही तोच. मग एक कबड्डी खेळतो आणि दुसरा सलाइनवर, असं का?

हा प्रश्न तिने आधी क्लासच्या सरांना विचारला. सर म्हणाले, परीक्षेला येत नाही.

[दृश्य : आश्रमशाळेचा व्हरांडा. रांगेत मुलं. टेबलावर काचेच्या नळ्यांचा स्टँड.]

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं. आदिवासी भागांतल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे त्याचं उद्दिष्ट. कागदावर ही वाक्यं फार मोठी वाटतात. प्रत्यक्षात मिशन म्हणजे हे टेबल, हा लॅब टेक्निशियन, आणि बोट टोचण्याआधीच रडायला लागलेला पहिलीतला मुलगा.

आज ती इथे नोंदवही सांभाळते आहे. नाव, वय, आईचं नाव, वडिलांचं नाव. बोट टोचायचं काम टेक्निशियनचं. ते तिला करू देत नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

नळीत आधीच द्रावण आहे. त्यात रक्ताचा एक बारीकसा थेंब पडतो. द्रावणातलं सॅपोनिन तांबड्या पेशी फोडतं. दुसरं रसायन, डायथायोनाइट, हिमोग्लोबिनकडचा ऑक्सिजन काढून घेतं. साधं हिमोग्लोबिन विरघळून जातं, नळी लाल पण आरपार दिसते. एस प्रकारचं, म्हणजे सिकलसेलचं, हिमोग्लोबिन ऑक्सिजन गेला की विरघळत नाही. नळी गढूळ होते. पाच मिनिटं थांबायचं, आणि नळीमागे काळ्या रेघा छापलेला कागद धरायचा.

"रेघा दिसतात का?" टेक्निशियन विचारतात.

"या नळीत दिसतात. या नळीत… नाही दिसत."

"लिही, पॉझिटिव्ह. पण एएस की एसएस, ते ही नळी सांगत नाही. ते पुढे मशीनवर."

एवढीच ही टेस्ट. वीज लागत नाही, मोठी लॅब लागत नाही. जंगलातल्या गावासाठी याहून सोयीची टेस्ट मिळणं कठीण. पण अर्धं उत्तर घेऊन घरी जाणाऱ्या माणसाला उरलेलं अर्धं कधी मिळतं, हा खरा प्रश्न आहे. पक्का रिपोर्ट यायला वेळ लागतो. तोवर पोरगं आजोळी गेलेलं असतं, किंवा आई-बाप मजुरीला परजिल्ह्यात. आशाताईंच्या पिशवीत असे न पोहोचलेले रिपोर्ट असतात. तपासणीचे आकडे वर पोहोचतात, रिपोर्ट मात्र खाली पोहोचायला अडतो. निर्मूलन वगैरे नंतर बोलू, आधी हे कागद घरी पोहोचले पाहिजेत, असं आम्हाला वाटतं.

दहावीत असताना याच शाळेच्या व्हरांड्यात तिच्याही नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या होत्या. पक्का रिपोर्ट आला, एएस. म्हणजे ती वाहक. आजारी नाही, पुढे होणारही नाही. आई-वडिलांकडून मिळालेल्या दोन जनुकांपैकी एक चांगलं आहे, आणि तेवढं पुरतं.

हे तिला कळतं. आजीला वेगळं कळतं. आजी म्हणते, "लगन होईस्तोवर कोणाले सांगू नोको." म्हणून नाव नाही, चेहरा नाही.

आजीवर रागावणं सोपं आहे. पण या गावात "तिच्या रक्तात आहे" एवढं एक वाक्य सोयरीक मोडायला पुरतं. मुलाच्या रक्तात असेल, तर ते वाक्य तितक्या सहज निघत नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखालच्या तांबड्या पेशी. काही गोल, काही वाकड्या, टोकदार.]

ही वाकडी पेशी माणसाच्या नजरेला पहिल्यांदा पडली ती शिकागोत. १९०४ साली ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वीस वर्षांचा वॉल्टर क्लेमेंट नोएल दवाखान्यात भरती झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर पेशी विळ्याच्या आकाराच्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ते छापलं. नोएल शिकून बेटावर परत गेला, दातांचा दवाखाना चालवला, आणि १९१६ मध्ये वारला. वय जेमतेम बत्तीस.

गोल पेशी साधारण १२० दिवस जगते. वाकडी पेशी दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. बारीक रक्तवाहिनीत अशा पेशी अडकल्या, की पुढच्या भागाला ऑक्सिजन मिळत नाही. धाकट्याच्या हाडांत ठणका उठतो तो यामुळे. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, अतिश्रम, यांतलं काहीही पुरतं.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोष पेशीत नाही, हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. पॉलिंग यांचं नाव सगळ्यांना माहीत. हातांनी तो प्रयोग करणाऱ्यांत हार्वी इटानो होते. जपानी वंशाचे अमेरिकन. १९४२ मध्ये ते बर्कलीच्या विद्यापीठात पहिले आले. पण पदवीदान समारंभाला त्यांना जाता आलं नाही, कारण युद्धाच्या त्या काळात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं होतं. पुढे केम्ब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली. तीच ती सहावी, व्हॅलीनची.

आणि १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत जे दाखवलं, ते या मुलीला सगळ्यात जास्त भावलं. वाहकांना मलेरियाचा जीवघेणा ताप कमी गाठतो. जिथे मलेरिया, तिथे पिढ्यान् पिढ्या एएस माणसं जास्त तगली. महाराष्ट्रात मलेरियाने वर्षानुवर्षं ठाण मांडलं ते कुठे? गडचिरोलीत. ज्या जंगलाने ताप दिला, त्यानेच हे जनुकही राखलं.

तिने हे आजीला सांगितलं. आजीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग धाकट्यानं काय केलं होतं?"

[दृश्य : समाजमंदिर. संध्याकाळ. दोन मडकी, चार चिठ्ठ्या.]

नवरा-बायको दोघंही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता पंचवीस टक्के. पाठ्यपुस्तकात याचा चौकटींचा तक्ता असतो. गावात त्या तक्त्याचा अर्थ असा होतो, की चार पोरांत एक आजारी, आणि एक झालं की पुढची तीन सुटली. काका-काकूंनीही असंच धरलं होतं. थोरला एसएस निघाला, मग धाकट्याच्या वेळी निर्धास्त राहिले.

म्हणून ही मडकी. एक आईचं, एक बापाचं. दोन्हींत ए आणि एस अशा दोन-दोन चिठ्ठ्या. काकूच येऊन दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढते. वाचून झालं, की चिठ्ठ्या परत मडक्यात. पुन्हा काढायची, पुन्हा परत. लागोपाठ दोनदा एस-एस येतं, तेव्हा समाजमंदिरात कुजबुज थांबते. मागून एकजण विचारतो, "म्हणजे पयल्याचा हिशेब दुसऱ्याले लागत नाही?" नाही लागत.

गडचिरोलीत सिकलसेलचं काम नवं नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ऐंशीच्या दशकात सर्च ही आरोग्यसंस्था काढली. त्या सुरुवातीच्या काळातच त्यांनी इथे सिकलसेल शोधला. पण लोकांना तो आपला प्रश्न वाटला नाही. हा अनुभव डॉ. बंग स्वतः सांगत आले आहेत. नागपूरला संपत रामटेके यांनी सिकलसेल रुग्णांना संघटित केलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ च्या कायद्याने हा आजार दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत आला. आता लोकांना तो आपला वाटतो. फक्त तो उघडपणे आपला म्हणायची तयारी नाही.

[दृश्य : काकाचं घर. पत्र्याच्या पेटीतून निघालेली प्लास्टिकची फाइल.]

तिच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलं. तेही अर्धवट, पण वाट दाखवणारं. ते म्हणाले, "एसएस एवढंच वाचू नकोस. त्याच रिपोर्टमध्ये एफचा रकाना असतो, तो बघ."

एफ म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन. आईच्या पोटात असताना बाळाचं काम त्यावर चालतं. जन्मानंतर ते हळूहळू कमी होतं, पण सगळ्यांचं सारखं नाही. एसएस मुलाच्या रक्तात एफ जास्त उरलं, तर ते एसच्या रेणूंना एकमेकांना चिकटू देत नाही. भारतातल्या बऱ्याच रुग्णांत ते आफ्रिकेतल्या रुग्णांपेक्षा जास्त सापडतं.

दोघा भावांचे जुने रिपोर्ट तिने शेजारी-शेजारी ठेवले. हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या एचपीएलसी मशीनचा तो छापील कागद, खाली आलेख, वर आकडे. थोरल्याचं एफ धाकट्याच्या दुपटीहून जास्त. इतकी वर्षं हे आकडे या पेटीत होते. काकूला कुणी वाचून दाखवले नव्हते.

हे एफ बंद करणारं एक बटण शरीरात आहे, बीसीएल-इलेव्हन-ए नावाचं जनुक. क्रिस्पर या जनुकं कापणाऱ्या कात्रीने रक्ताच्या मूळ पेशींतलं ते बटण निकामी करायचं आणि एफ पुन्हा सुरू करायचं, असा उपचार २०२३ च्या अखेरीस आधी ब्रिटनमध्ये, मग अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या सरकारी संस्थेत भारतीय बनावटीच्या उपचारावर काम चाललंय. तिला हे सगळं मोबाइलवर वाचून पाठ आहे.

पण एफ वाढवणारी एक साधी गोळीही आहे. हायड्रॉक्सीयुरिया. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. धाकट्याला ती सुरू झाली होती, आणि बंदही पडली होती.

"का बंद केली, काकू?"

"मेडिकलवाला म्हणे, कॅन्सरची गोळी हाय. मले वाटलं, पोराले कॅन्सर झाला अन् कोणी सांगून नाही राह्यलं."

मेडिकलवाला खोटं बोलला नव्हता. रक्ताच्या काही कॅन्सरमध्येही ही गोळी देतात. पण ती इथे कशासाठी आहे, तिचा डोस किती, आणि ती घेताना ठरावीक दिवसांनी रक्ताची मोजणी का करायची, हे काकूशी बसून कुणी बोललंच नव्हतं.

[दृश्य : ग्रामीण रुग्णालय. ओपीडीची रांग.]

गुरुवारी काकू मजुरी बुडवून आली आहे. सोबत धाकटा, आणि क्लास बुडवून ही. फाइल हिच्या हातात. डॉक्टर रिपोर्ट बघतात, पोटावर हात ठेवून पानथरी तपासतात, सीबीसी, म्हणजे रक्ताची मोजणी, लिहून देतात. आकडे ठीक आले, तर गोळी आजच सुरू. महिन्याने पुन्हा मोजणी.

निघताना काकू दारातून मागे वळते.

"अन् थोरल्याले नको का, सर? तो तं खेळते. पण त्याचाही एसएसच हाय."

"पुढच्या खेपेला त्यालाही आणा," डॉक्टर म्हणतात. "मोजणी करू, मग ठरवू."