फ्लायव्हीलच्या मागे काय आहे?

(नागपुरात जुन्या गाड्यांचे मालक आणि तरुण मेकॅनिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विदर्भात जुनी जीप घ्यायला निघालेला माणूस आधी टायर पाहतो, मग हूडचं कापड ओढून पाहतो आणि मग सेल्फ मारायला सांगतो. इंजिन एका झटक्यात सुरू झालं की त्याचं निम्मं मन तिथेच भरतं. त्याआधी एक प्रश्न विचारत जा: हे इंजिन मुळात कोणत्या गाडीतलं? विकणारा म्हणेल, "याच गाडीतलं आहे नं भाऊ." म्हणू द्या. आपण मोजायचं.

यात दर वेळी लबाडीच असते असं नाही. गाडी चार हातांतून फिरलेली असते आणि इंजिन कधी बदललं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पेट्रोल आणि डिझेलच्या भावात मोठी तफावत होती तेव्हा पेट्रोलची जीप पोसणं कास्तकाराला जड जायचं. दुसरीकडे काळी-पिवळीच्या गाड्या पत्रा सडून भंगारात निघायच्या, पण त्यांच्या डिझेल इंजिनांत जीव शिल्लक असायचा. मग याचं काढून त्यात, हे ओघानं आलंच. त्यात जीपची बांधणीही कामी आली. सीजे-३बी जीपचं बॉनेट एवढं उंच का? १९५३ साली अमेरिकेच्या विलीज कंपनीनं तिच्यात हरिकेन इंजिन घातलं. त्याचा इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खालच्या ब्लॉकमध्ये. त्यामुळे ते आधीच्या इंजिनापेक्षा उंच झालं आणि बॉनेट वर घ्यावं लागलं. महिंद्रानं हीच जीप आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली. त्या उंच बॉनेटखाली पुढे लोकांनी काय काय कोंबलं, ते तुम्ही रोज गॅरेजमध्ये पाहताच.

ओळख पटवायला नंबरापासून सुरुवात करतात, ते योग्यच आहे. ब्लॉकवरची जागा डिझेलनं धुऊन घ्या, पंच केलेला नंबर आरसीशी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राशी, ताडून पाहा. तिथे ग्राइंडर फिरल्याची खूण असली किंवा आकडे ओळ सोडून वरखाली असले, तर सौदा तिथेच थांबवा. पुढच्या मोजमापाचं कारणच उरत नाही. आणि नंबर जुळला तरी तो फक्त ब्लॉकचा असतो. हेड एकाचं, फ्लायव्हील (क्रँकच्या मागच्या टोकाचं जड चाक) दुसऱ्याचं, चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) तिसऱ्याचं, अशी इंजिनं आपल्याकडे कमी नाहीत.

म्हणून बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, मोजायचा. हरिकेन पेट्रोल इंजिन २१९९ सीसीचं: बोअर सव्वातीनला थोडा कमी, म्हणजे ३ १/८ इंच, आणि स्ट्रोक ४ ३/८ इंच. मिलिमीटरमध्ये ७९.४ आणि १११.१. आता डिझेलकडे या. महिंद्रानं १९७९ मध्ये प्यूजोकडून ज्या इंजिनाचा परवाना घेतला, ते एक्सडीपी ४.९०. त्याच्या नावातच सगळं आहे, ४ सिलिंडर आणि ९० मिलिमीटर बोअर. स्ट्रोक ८३, एकूण २११२ सीसी. एमएम ५४० जीपमध्ये तुम्ही पाहता ते हेच. पुढचं एक्सडी३पी ९४ बाय ९०, म्हणजे २४९८ सीसी. आणि बोलेरोपर्यंत चाललेलं एमडीआय २५२३ सीसी: बोअर ८८.९, स्ट्रोक १०१.६.

हे शेवटचे आकडे विचित्र वाटतात ना? इंचात करून पाहा. साडेतीन इंच आणि चार इंच, अगदी गोल. मला ही पद्धत फार आवडते. मोजमाप मिलिमीटरमध्ये सुटसुटीत आलं तर इंजिन फ्रेंच घराण्याचं, इंचात सुटसुटीत आलं तर अमेरिकी-इंग्रजी घराण्याचं. जीपच्या जगापुरतं हे बहुतेक वेळा खरं ठरतं. महिंद्राच्या जुन्या बी-२७५ ट्रॅक्टरचाही स्ट्रोक चार इंच, बोअर ३ ३/८. म्हणजे नुसता स्ट्रोक मोजून एमडीआय आणि जुनं ट्रॅक्टर घराण्याचं इंजिन वेगळं काढता येत नाही. तिथे हेड उघडून बोअरच पाहावा लागतो.

बोअर मात्र जपून वाचायचा. झिजलेला सिलिंडर कापून रिबोअर झाला की तो वीस थाऊ, चाळीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढलेला असतो आणि माणूस भलत्याच निष्कर्षाला येतो. स्ट्रोक क्रँकवर ठरतो, तो झिजेनं बदलत नाही. पेट्रोल इंजिनाचा प्लग उभा असेल तर प्लगच्या भोकातून तार सोडून पिस्टन वर आणि खाली असताना खोली मोजता येते. प्लग तिरका असेल तर हा हिशेब सोडून द्या. प्यूजोच्या डिझेलमध्ये तर हे जमणारच नाही, कारण हीटर प्लगचं भोक पिस्टनवर उघडत नाही, हेडमधल्या छोट्या ज्वलन-कप्प्यात उघडतं.

इथपर्यंत झाली ओळख. आता बसवणं. आणि इथे आपले मिस्त्री फाउंडेशनवर, म्हणजे इंजिन चासीवर टेकतं त्या ब्रॅकेट-रबरांवर, सगळी ताकद लावतात. पट्टी कापली, नवा ब्रॅकेट वेल्ड केला, रबर टाकलं, इंजिन जागेवर बसलं, "झालं नं बाप्पा!" फाउंडेशन हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. तिथे चूक झाली तर डोळ्यांना दिसते, इंजिन थरथरतं, कोणीही सांगतं. खरी गोष्ट फ्लायव्हीलच्या मागे आहे, आणि तिथली चूक महिनाभर दिसत नाही.

गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक क्रँकमधल्या पायलट बेअरिंगमध्ये बसतं. इंजिन एका घराण्याचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्या, म्हणून मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट येते. प्लेट जाड झाली की शाफ्टचं टोक बेअरिंगपर्यंत पोचत नाही. मग शाफ्ट मागच्या एकाच बेअरिंगवर लोंबकळतो, क्लच दाबला की आवाज येतो, आणि आपण क्लच प्लेट बदलत बसतो. अ‍ॅडॉप्टर प्लेट पातळ झाली तर उलटं होतं. टोक क्रँकला जाऊन भिडतं आणि हाउसिंग (क्लचवरचं कवच) बोल्टनं आवळताना क्रँक पुढे ढकलला जातो. क्रँकला पुढेमागे सरकू न देणारा थ्रस्ट वॉशर खाल्ला गेला की इंजिन पुन्हा खाली. आवळायच्या आधी हाउसिंग हातानं सरकवून पूर्ण बसतं का पाहा. बोल्टनं ओढून बसवायची वेळ आली तर काहीतरी अडतंय, हे पक्कं समजा.

दुसरं, मध्य. अ‍ॅडॉप्टर प्लेट लेथवर करून घेतली म्हणजे ती मध्यावर आली असं होत नाही. फ्लायव्हीलवर डायल गेज लावा, क्रँक फिरवा आणि हाउसिंगचा बोअर किती हलतो ते पाहा. पाच थाऊच्या आत हवा. एवढं बारीक कोण पाहतं, असं तुम्ही म्हणाल. जो पाहत नाही त्याच्या गाडीत गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग वारंवार जातं. डायल गेज काही सोन्याचं येत नाही. क्लच प्लेटच्या स्प्लाइनही (शाफ्टवर बसणाऱ्या खाचा) आधीच मोजा. प्लेट फ्लायव्हीलच्या मापाची आणि तिचा मधला हब गिअरबॉक्सच्या मापाचा लागतो. बहुतेक वेळा दोन प्लेटांतून एक करावी लागते, आणि ते काम क्लच प्लेट बनवणाऱ्याकडूनच घ्यावं. फ्लायव्हीलच्या रिंगचे दात सेल्फशी जुळतात का, तेही याच वेळी पाहून घ्यायचं.

आणखी मागे चला, डिफरन्शियलपर्यंत. सीजे-३बीचं डिफरन्शियल ५.३८ चं, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे: मोठ्या क्राउन गिअरला ४३ दात आणि त्याला फिरवणाऱ्या लहान टेलपिनला ८. हे पेट्रोल इंजिनासाठी ठरलेलं, जे चार हजार आरपीएमपर्यंत फिरतं. टायरचा एक फेरा साधारण २.२ मीटर धरला, तर टॉप गिअरमध्ये चार हजार आरपीएमला जीप ताशी ९८ किलोमीटर जाते. आता तिच्यात ३२०० ला दमणारं डिझेल घातलं तर गाडी ७८ वर संपली. ताकद भरपूर, पण वर्धा रोडवर मागून ट्रक हॉर्न मारतोय. मालक इंजिनाचा डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याकडे जातो आणि म्हणतो, डिझेल वाढव. पंपवाला वाढवतो, धूर वाढतो, इंजिन तापतं, वेग तेवढाच. ४.२७ चं डिफरन्शियल टाकलं तर तेच इंजिन ३२०० ला ९९ पर्यंत नेतं. जीप फोर व्हील ड्राइव्ह असेल तर पुढचं आणि मागचं दोन्ही बदलावं लागतं, एकच बदललं तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) फुटेल. स्पीडोमीटरही मग चुकीचं दाखवतो, ते लक्षात ठेवा. आपलं डिफरन्शियल कितीचं ते पाहायचं असेल तर मागचं एक चाक उचला, ते दोन फेरे फिरवा आणि जॉइंट शाफ्ट किती फिरला ते मोजा.

ब्रेकबद्दल मात्र मला थोडं रागानं बोलू द्या. पेट्रोल इंजिनात पाय काढला की थ्रॉटल बंद होतो आणि मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. ब्रेकचा बूस्टर त्यावरच चालतो. डिझेलला तसा थ्रॉटल नाही, म्हणून तो व्हॅक्यूमही नाही. बूस्टर असलेल्या पेट्रोल गाडीत डिझेल बसवलं आणि व्हॅक्यूम पंप लावला नाही, तर बूस्टर नुसता डबा उरतो. पेडल दगडासारखं होतं. सेमिनरी हिल्सच्या उतारावर मालकाला हे कळावं, अशी तुमची इच्छा आहे का? तपासणी एका मिनिटाची आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, तर गाडी गॅरेजबाहेर काढायची नाही.

रेडिएटर, पुढचे कमानपाटे, बॅटरी यांवर फार बोलत नाही. डिझेल जड असतं, पाटे बसतात, चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलला आपटतो, हे तुम्हाला माहीत आहे. चेंबर कापून उथळ केला तर ऑइलची जाळीही वर घ्या, एवढंच. आणि इंजिन लांब असल्यामुळे पंखा रेडिएटरला चिकटला की काही लोक पंखाच काढून टाकतात. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत!

कागदाचं. आरसीवर इंजिन नंबर, इंधन आणि सीसी हे तिन्ही लिहिलेले असतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे असा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि केल्यावर १४ दिवसांत कळवावा लागतो. गाडी एमएच-३१ ची असो, ४९ ची की ४० ची, नियम तोच. इंजिन आणायच्या आधी आरटीओत विचारा, ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद आणि खरेदीची पावती घ्या. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि मग पाच-पाच वर्षांनी वाढते. लोक अडकतात ते तेव्हा, नंबराचा पेन्सिल प्रिंट (कागदावर पेन्सिल घासून उमटवलेला ठसा) घेतल्यावर. विमा कंपनी तर त्याआधीच, अपघाताच्या दिवशी, हे शोधून काढते.

(श्रोत्यांपैकी एकानं विचारलं: "सर, मारुती ८०० मध्ये ओम्नीचं इंजिन मिळतंय. सीसी सारखंच आहे. मंग बसवायला काय हरकत?")

दोन्ही ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ६८.५ बाय ७२. ब्लॉक एकाच घराण्याचा आहे. पण ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली लांबीत असतं आणि मागची चाकं फिरवतं. ८०० मध्ये ते आडवं असतं आणि पुढची फिरवतं. म्हणजे ब्लॉक घ्या, पण चेंबर, मॅनिफोल्ड, पाण्याचे पाइप, फाउंडेशनचे ब्रॅकेट हे सगळं तुमच्या जुन्या इंजिनाचंच चढवावं लागेल. गाडी एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शनची, असेल तर सेन्सरच्या जागाही पाहा. दोन्ही इंजिनं खाली शेजारी ठेवा, जे जे वेगळं दिसेल त्याची यादी काढा, आणि मग ओम्नीवाल्याशी भाव करा. नंबर अर्थातच बदलेल, तेव्हा आरटीओ आहेच.