अर्थिंगला स्विच नसतो

नमस्कार. तुमच्यातले बहुतेक जण रोज पॅनेलसमोर उभे राहतात, त्यामुळे शॉक म्हणजे काय हे मी सांगायला नको. फेजच्या वायरला आपण जपूनच हात लावतो. हिरव्या वायरला मात्र बेधडक. ‘अर्थिंगच आहे, तिच्यात काय असणार?’ हे मीही एके काळी म्हणायचो, म्हणून आज तेवढ्यावरच बोलतो.

एका ऑफिसच्या इमारतीत आम्हाला गंजलेला जोड बदलायचा होता. तिसऱ्या मजल्याची अर्थिंगची पट्टी शाफ्टमधल्या उभ्या पट्टीला मिळते, तिथला. मजल्याचा मेन बंद केला, टेस्टर लावला, दिवा लागला नाही. बोल्ट सैल करून पट्टी सूतभर उचलली आणि त्या फटीत बारीक निळी ठिणगी उडाली. माझा एक हात उभ्या पट्टीवर होता, दुसरा सुटणाऱ्या टोकाकडे निघाला होता. तो पोचला असता तर प्रवाह एका हातातून छातीवाटे दुसऱ्या हातात गेला असता.

मेन बंद होता, मग ठिणगी कुठली? कॉम्प्युटर यूपीएसवर होते आणि यूपीएस तळमजल्यावर. लोक घरी गेलेले, स्क्रीन काळ्या, पण आतले पॉवर सप्लाय चालूच. अशा प्रत्येक सप्लायमध्ये फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते थोडा प्रवाह कायम अर्थिंगमध्ये सोडतात. हा बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. एका कॉम्प्युटरचा १ मिलिअँपिअर धरला तर एका फेजवरच्या २०० कॉम्प्युटरांचे २०० होतात. तीन फेजवर भार अगदी सारखा वाटला असेल तर यातलं बरंचसं एकमेकांत कटतं, पण तसा तो कुठे असतो? आणि माणसाचा हात वायरला चिकटून राहायला १० मिलिअँपिअरच्या आसपास पुरतात. ३० च्या वर हृदयाची लय बिघडण्याची भीती असते; जीव वाचवणारे ब्रेकर ३० मिलिअँपिअरचे असतात ते याचसाठी.

आता टेस्टरचं पाहा, कारण खरा घात तिथे होतो. जोड शाबूत आहे तोवर पट्टी जमिनीच्याच पातळीवर असते, म्हणून टेस्टर लागत नाही आणि आपण निर्धास्त होतो. जोड सुटला की सुटलेल्या बाजूच्या मशीनांची सगळी धातूची खोकी तरंगतात, म्हणजे जमिनीपासून तुटतात, आणि २३० व्होल्टच्या सप्लायवर त्यांच्यावर साधारण निम्मे व्होल्ट चढतात. म्हणजे धोका आपणच, पाना फिरवून तयार करतो. तो आधी दाखवतो क्लॅम्प मीटर, मिलिअँपिअर मोजणारा. बोल्टला पाना लावण्याआधी पट्टीभोवती क्लॅम्प घाला. आकडा दिसला तर कुठला यूपीएस, कुठला जनरेटर, कुठल्या मजल्याचा भार, ते शोधा, बंद करा, कुलूप घाला, पाटी लावा. शून्य दिसलं तरी विसंबू नका, कारण वरच्या मजल्यावर कुणी मशीन चालू केलं, त्यात दोष निघाला, की तोच प्रवाह याच पट्टीतून उतरणार. अर्थिंग सगळ्या इमारतीची एक असते. तिला स्विच नसतो.

म्हणून जोड उघडण्याआधी त्याला वळसा द्यायचा. पट्टीच्या तोडीची जाड वायर, दोन्ही टोकांना लग (बोल्ट जायला भोक असलेलं धातूचं टोक), आणि दोन्ही बाजूंना बोल्टने आवळलेली. हाच जंपर. चिमटे नकोत, हलले की सुटतात. मग जंपरभोवती क्लॅम्प लावून प्रवाह तिकडे वळलाय का पाहा. त्यानंतरच, हातमोजे घालून, जुना बोल्ट काढा. आभाळ गडगडत असेल तर पाना खाली ठेवा. वीज पडली तर ती याच वाटेने जमिनीत जायला बघते, तिथे हातमोजे कामाला येत नाहीत.

नव्या जोडाखालचा रंग आणि गंज खरवडून चकचकीत धातू दिसू दे. तांबं थेट जस्ताच्या मुलाम्यावर बसवू नका, ओल लागली की मुलामा खाऊन टाकतं. मध्ये कथिलाचा मुलामा दिलेला लग घ्या. मल्टीमीटर ‘बीप’ वाजला म्हणजे जोड पक्का असं धरू नका. वायरची एकच तार टेकली असली तरी तो वाजतो. कमी ओहम मोजणारं मीटर लावा.

जंपर सगळ्यात शेवटी काढायचा आणि काढल्यावर पट्टीवर पुन्हा क्लॅम्प लावायचा. त्या रात्री आम्ही तो बोल्ट होता तसा आवळला आणि निघून आलो. दुसऱ्या दिवशी मीटर आणि जंपर घेऊन गेलो तेव्हा पट्टीवर १८० मिलिअँपिअर होते. ते नव्या जोडातून परत दिसल्यावरच आम्ही शाफ्टचं दार लावलं.