आधी जमीन, मग तंबू

मंडळी, इथे आल्यापासून तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "सर, सगळ्यात हलका तंबू कुठला?" तंबू पाठीवर वाहणाऱ्या ट्रेकरने हे विचारलं तर समजू शकतो. आपण सायकलवर दौरे करणारे, आपलं ओझं सायकलचं कॅरियर वाहतं. घाटात किलोभर जादा वजन जाणवतं, खोटं कशाला बोलू, पण एकट्यासाठी दोन-अडीच किलोचा दणकट तंबू मी डोळे मिटून घेईन. माझा उलटा प्रश्न असा, की तुम्ही तो ठोकणार कुठे?

कोकणच घ्या. इथल्या अर्ध्या लोकांचा पहिला मोठा दौरा सागरी मार्गानेच होतो. रत्नागिरीच्या पुढे राजापूर, देवगडकडे गेलात की सडे लागतात. वर चार बोटं माती आणि खाली जांभ्याचा कातळ. खुंटी आत जात नाही, नुसती वाकते. परदेशी व्हिडिओंमध्ये वाऱ्यासाठी नावाजलेले लांबट, बोगद्यासारखे तंबू तुम्ही पाहिले असतील. ते खरंच चांगले असतात, पण उभे राहतात खुंट्यांच्या ताणावर. सड्यावर तो तंबू म्हणजे जमिनीवर पसरलेली सतरंजी. म्हणून आपल्याकडे घुमटी तंबू घ्यावा. त्यात दोन काठ्या एकमेकींना छेदून जातात आणि तंबू खुंटीशिवाय उभा राहतो. उभा राहतो म्हणजे जागेवर थांबतो असं मात्र नाही, रिकामा असेल तर वाऱ्याबरोबर निघतो. आधी आत सामान टाका. मग ताणदोरीच्या टोकाला आडवी काटकी बांधून तिच्यावर दगड ठेवा. दगड शेजारच्या गडग्यातून काढलात तर सकाळी होते तसे परत रचा. कुणीतरी घाम गाळून रचलेला असतो तो.

मजबुतीबद्दल बोलताना लोक कापड चिमटीत धरून बघतात. मी आधी काठ्या बघतो, त्याला कारण आहे. माझा पहिला तंबू स्वस्तातला होता, फायबरग्लासच्या काठ्यांचा. मनाली-लेह रस्त्यावर सरचूला, म्हणजे 4,200 मीटरच्याही वर, दुपारनंतर जो वारा सुटतो त्यात एक काठी उभी चिरली. मोडली असती तरी बरं, चिरली की तिच्या कुसळासारख्या बारीक काड्या निघतात. त्यांनी वरचं कापड फाडलं, आणि अंधारात मी ती काठी मुठीत धरली. पुढचे दोन दिवस हँडल धरताना तळहात हुळहुळत होता. अ‍ॅल्युमिनियमची काठी सहसा आधी वाकते. वाकलेल्या जागेवर वीतभर नळी सरकवून चिकटपट्टी गुंडाळली की दौरा पुरा होतो. ती नळी बऱ्याच तंबूंबरोबर येते आणि बरेच जण ती काय आहे ते न कळून घरी ठेवून येतात!

काठ्यांची घडी दुकानातच मोजा. बऱ्याच तंबूंच्या काठ्या घडी करून 45-50 सेंटीमीटर भरतात. ज्यांच्या सायकलला वळलेलं हँडल आहे त्यांच्या हँडलच्या दोन बाजूंमध्ये काठ्या आडव्या बांधायला एवढी जागा नसते. अशा वेळी काठ्या कॅरियरवर आडव्या न ठेवता लांबीत बांधा, कापड पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरियरच्या बाजूला लटकणाऱ्या पिशवीत, कोंबा. तंबू त्याच्याच पिशवीत गुंडाळून न्यायला हवा असा काही नियम नाही.

कापडाचं थोडक्यात सांगतो. लेबलवर मिलिमीटरमध्ये आकडा असतो. पाण्याचा किती उंच स्तंभ पेलला की कापड पाझरायला लागतं, त्याचा तो आकडा. वरच्या आवरणाला 1,500-2,000 पुरतो. तळाला 3,000 तरी बघा, कारण तिथे आपलं कोपर, गुडघा कापड ओल्या जमिनीवर दाबत असतो. नायलॉन भिजलं की सैल पडतं, रात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर त्या मानाने कमी ताणतं आणि उन्हातही जास्त टिकतं. आता आपल्या दमट हवेचं दुखणं. तंबू ओलसर गुंडाळून पावसाळाभर माळ्यावर टाकलात तर आतला पॉलियुरेथेनचा थर चिकट होतो, कुबट वास सुटतो, आणि ते पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. घरी सुकवून सैलसर, जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा.

आता उघड्यावर मुक्काम करताना लोकांच्या नजरेपासून लपण्याबद्दल. रंग हिरवा किंवा मातकट घ्या, उंची कंबरेइतकी, हे सगळे सांगतात. पण रात्री आत दिवा लावलात की त्याच हिरव्या तंबूचा आकाशकंदील होतो, कोसभरावरून दिसतो. किनाऱ्यावर तर दिवा नकोच. वेळास, आंजर्ल्याकडे हंगामात कासवांची घरटी असतात. पिल्लं उजेडाकडे वळतात, आणि समुद्राऐवजी तुमच्याकडे येतील. त्या दिवसांत वाळूवर तंबूच टाकू नका.

आणि खरं सांगू का, आपल्याकडे लपता येत नाही. कितीही आडबाजूला झोपा, पहाटे कुणीतरी गुरं घेऊन येतंच. त्यापेक्षा दिवस असताना गावात विचारावं, पोलीस पाटलांच्या कानावर घालावं. बहुतेक वेळा देवळाचा सभामंडप किंवा शाळेचा व्हरांडा मिळतो. तिथे कामाला येतो तो आतला जाळीचा तंबू. वरच्या आवरणाशिवाय तो एकटा उभा राहतो का, हे घेताना नक्की बघा. काहींचा राहत नाही. देवगडजवळच्या एका देवळात मी असा जाळीत पडलो होतो. दिवा लावायला आलेल्या आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काय रे झिला, मच्छरदाणी घेवन फिरतस?"

तर आता मधल्या खुर्च्या जरा बाजूला घ्या. दोन तंबू आणलेत, दोन्ही घुमटी. त्यातल्या एकाची काठी मी नळी घालून दुरुस्त केलेली आहे. उभे करा आणि कुठली ते शोधा. खुंट्या मुद्दाम घरी ठेवल्या आहेत.