नाटककार : लिहिणारा की घडवणारा?

मित्रहो, नाटकाची जाहिरात नीट बघा. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत. 'नाटककार' हा शब्द तिथे बहुधा नसतोच. तो सत्काराच्या पत्रिकेत येतो, 'ज्येष्ठ' हे विशेषण लावून. म्हणजे राबताना माणूस लेखक, आणि शाल-श्रीफळ घेताना नाटककार! खरं तर राबणाऱ्याचाच हा शब्द. 'कार' म्हणजे करणारा; कुंभकार, सुवर्णकार यांतला. इंग्रजी 'प्लेराइट'मधलं 'राइट'सुद्धा लिहिण्याचं नव्हे. चाकं घडवणाऱ्याला तिकडे 'व्हीलराइट' म्हणत, त्यातलं ते. इंग्रज नाटककार बेन जॉन्सनने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला 'प्लेराइट' हा शब्द हिणवण्यासाठी वापरला. कामाचं वर्णन म्हणून मात्र तो चपखल आहे.

सोलापुरात हे सांगायला वेगळा दाखला कशाला शोधायचा? जेकार्ड मागावर पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडलेली असतात. भोक कुठे आहे त्यावरून ताण्याचा कुठला धागा उचलायचा ते ठरतं. कार्ड म्हणजे चादर नव्हे. पण एक भोक चुकलं की त्या कार्डावर विणलेल्या प्रत्येक चादरीत तीच चूक. संहिता म्हणजे ही कार्डं.

भोक सर्वांत जास्त चुकतं ते वेळेत. समजा, सून पंजाबी ड्रेसमध्ये आत जाते आणि नऊवारीत बाहेर येते. विंगेत मदतीला कुणी असलं तरी नेसून, केस बांधून यायला पाच-सहा मिनिटं जातात. संहितेत मात्र ती "आलेच हं" म्हणते आणि सासऱ्याच्या चार वाक्यांनंतर हजर! मग तालमीत सासऱ्याच्या तोंडी संस्कारांवरचं भाषण कोंबतात. ते ठिगळ प्रेक्षकाला लगेच दिसतं. जाणता नाटककार तेवढ्यात शेजाऱ्याला आणतो, आणि पुढच्या अंकाला लागणारी बातमी त्याच्याकडून वदवून घेतो.

अंधारांचंही तेच. सिनेमासारखी स्थळं बदलत लिहिलं की पंधरा ब्लॅकआउट होतात. एकाला वीस सेकंद धरा. पाच मिनिटं नुसता काळोख आणि सरकणाऱ्या खुर्च्यांचा आवाज.

माहिती देण्याची खोड तर विचारू नका. "दादा, तू माझा सख्खा मोठा भाऊ, बँकेत नोकरीला." कुठला भाऊ असं बोलतो? "दादा, पगार झाला ना? आईची औषधं या वेळी तरी तू आण." नातं, नोकरी आणि शिवाय तक्रार, सगळं आलं.

मग नाटककार कोणाला म्हणायचं? सगळे शब्द ज्याचे, त्यालाच असं नाही. 1919च्या 'एकच प्याला'तली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. तरी नाटककार राम गणेश गडकरीच, कारण सुधाकराच्या हाती पहिला प्याला कधी द्यायचा हे त्यांनी ठरवलं. परक्या भाषेतलं नाटक इथल्या मातीत आणणारा रूपांतरकार. त्याचं नाव मूळ लेखकाच्या नावासोबत छापायचं, त्याच्या जागी नव्हे. आणि तालमीत नटाला सुचलेली चार वाक्यं? ती रंगावृत्तीत, म्हणजे प्रयोगासाठी तयार केलेल्या प्रतीत जातात, नटाला नाटककार करत नाहीत.

आपल्याकडे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं वारसांकडे राहतो. गडकऱ्यांचं नाटक करायला परवानगी लागत नाही. हयात लेखकाचं करताना ती लेखी घ्या, आणि प्रवेश गाळायचा असेल तर तेही त्याच पत्रात विचारा.