त्रिकोणात कोंडलेली ऊर्जा

[दृश्य : काचेची बशी. तिच्यात खडबडीत, भुरकट ठिपके.]

पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा वास बराचसा यांचा. स्ट्रेप्टोमायसिस, मातीतले जीवाणू. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन याच कुळानं दिलं. आता त्याच्याकडे विमानाचं इंधन मागणं चाललंय.

विमानासाठीच एवढी उठाठेव का? मोटार बॅटरीवर पळते की! पण विमानात सगळा हिशेब वजनाचा. किलोभर जेट इंधनात सुमारे 43 मेगाज्यूल ऊर्जा असते, किलोभर लिथियम बॅटरीत जेमतेम एक. शिवाय इंधन जळत जातं तसं विमान हलकं होतं. बॅटरी मात्र संपली तरी तेवढीच जड.

[दृश्य : कार्बनच्या तीन अणूंचं कडं.]

आता हा त्रिकोण बघा. कार्बनच्या बंधांना साधारण 109 अंशांचा कोन मानवतो. इथे त्यांना 60 अंशांत दाबून बसवलंय. ओढून धरलेल्या धनुष्यासारखा हा ताण. जळताना तोही ऊर्जा होऊन बाहेर पडतो. सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञांनी असे त्रिकोण जोडून ‘सिंटिन’ हे रॉकेटचं इंधन बनवलं होतं. 1980च्या दशकात सोयूझ रॉकेट त्यावर उडाली. पण ते फार महाग पडे, म्हणून मागे पडलं.

आणि मातीतला एक स्ट्रेप्टोमायसिस हेच त्रिकोण कोणताही गाजावाजा न करता जोडत बसलेला! त्याच्या जॉसमायसिन या बुरशीनाशक रेणूत ते शार्कच्या दातांसारखे ओळीनं बसलेत. नावही जबड्याच्या ‘जॉ’ या इंग्रजी शब्दावरूनच. अमेरिकेत बर्कलीला जे कीसलिंग या शास्त्रज्ञाच्या गटानं अशा जीवाणूंचे जनुकसंच चाळले, हवी ती जनुकं दुसऱ्या स्ट्रेप्टोमायसिसमध्ये घातली आणि सात-सात त्रिकोणांच्या साखळ्या मिळवल्या. 2022 सालची ही गोष्ट. त्यापासून होणाऱ्या इंधनात लिटरला 50 मेगाज्यूलहून जास्त ऊर्जा असेल, असं गणित सांगतं. नेहमीच्या जेट इंधनात ती 35च्या आसपास.

गणित सांगतं, असंच म्हणावं लागतं. कारण इंजिनात जाळून बघण्याइतका माल हातात नव्हता.

खरं घोडं इथेच अडतं. 2014 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात ई. कोलाय या जीवाणूकडून पायनिन करून घेतलं. क्षेपणास्त्रांच्या इंधनाचा हा कच्चा माल. मिळालं किती? लिटरमागे 32 मिलिग्रॅम. धड एक थेंबही नाही. त्यात पायनिन त्या पेशींनाच बाधतं.

[दृश्य : पोलादी टाकी. आत घुसळणारा फेस.]

पेशीला आपल्या विमानाचं काय पडलंय? मिळेल ती साखर खायची आणि दोनाचे चार व्हायचं, एवढाच तिचा धंदा. इंधन बनवणं म्हणजे तिला नसता भुर्दंड. लाखोंत एखादी पेशी उत्परिवर्तनानं ते काम टाकून देते. तिची साखर वाचते, ती इतरांपेक्षा लवकर दुणावते, तिची पिल्लंही तशीच. थोड्या दिवसांत टाकी गच्च भरलेली दिसते. आत सगळे कामचुकार.