संहिता दोन प्रतींत

श्रोतेहो, नमस्कार.

आम्ही पहिल्यांदा हॉल ठरवायला गेलो तेव्हा खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "संहिता? दोन प्रतींत लागेल."

"संहिता नाहीये."

"घरी राहिली?"

"नाही, मुळातच नाही. स्टेजवर उभं राहिल्यावर काय बोलायचं ते ठरतं."

आता त्यांनी मान वर केली, चष्मा कपाळावर चढवला आणि आमच्याकडे नीट बघून घेतलं. "म्हणजे पाठांतर झालेलं नाही," ते म्हणाले. "होईल तेव्हा या."

गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. आम्ही सहा जण होतो. एक बँकेत, एक दातांची डॉक्टर, दोघं हिंजवडीला जाऊन-येऊन दमलेले आयटीवाले, एक कॉलेजात शिकवणारी आणि मी. सहापैकी चौघांनी कॉलेजात असताना पुण्याच्या 'पुरुषोत्तम' करंडक स्पर्धेत एकांकिका केलेल्या. ही स्पर्धा १९६३ पासून चालू आहे आणि ज्यानं ती एकदा केली त्याच्या अंगातून ती उतरत नाही. महिना-दीड महिना तालीम, प्रत्येक पॉज मोजलेला, चहाचा कप कोणत्या शब्दावर खाली ठेवायचा तेसुद्धा ठरलेलं. असली शिस्त अंगी मुरलेली माणसं आता काहीच न ठरवता स्टेजवर जायचं म्हणत होती. प्रेक्षक एखादा शब्द देणार, त्यावरून आम्ही तिथल्या तिथे प्रवेश उभा करणार. इंग्रजीत याला इम्प्रोव्ह म्हणतात. आम्ही पोस्टरवर 'उत्स्फूर्त विनोदी नाट्य' असं भारदस्त काहीतरी लिहिलं होतं. माझी आई म्हणायची, "काही पाठच करायचं नाही, तर दर मंगळवारी रात्री अकरापर्यंत तालीम कसली करता?" त्या वेळी तरी आमच्यापाशी उत्तर नव्हतं.

हॉलवाल्यांचंही काही चुकत नव्हतं. महाराष्ट्रात नाटक रंगमंचावर आणायचं तर त्याची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. आपण सगळे त्याला सरळ 'सेन्सॉर' म्हणतो. पण जे अजून कुणी बोललेलंच नाही, ते तपासायचं कसं?

वाट सापडली ती लंडनमध्ये. आमच्यातल्या प्राध्यापकबाईंनी वाचलं होतं की तिथेही हाच घोळ झाला होता. रॉयल कोर्ट थिएटरमध्ये कीथ जॉनस्टन नावाचा माणूस नटांकडून असले उत्स्फूर्त खेळ करून घ्यायचा. पण १९६८ पर्यंत तिथे कायदा असा की नाटकाचा मजकूर लॉर्ड चेंबरलेन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याच्या कचेरीतून मंजूर होऊन आला पाहिजे. म्हणून जॉनस्टनच्या मंडळींनी लोकांसमोर जे केलं, त्याला ते प्रयोग म्हणत नसत. अभिनयाचा वर्ग म्हणत. (तो कायदा गेला त्याच वर्षी आपल्याकडे बालगंधर्व रंगमंदिर उघडलं. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण पुणेकराला असे योग जुळवल्याशिवाय चैन पडत नाही.)

म्हणून मग आम्ही एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं छोटं सभागृह घेतलं आणि फळ्यावर लिहिलं, 'उत्स्फूर्त अभिनय : सप्रयोग व्याख्यान'. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली जिथे वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या गावात व्याख्यानाला कोण अडवणार? संहिता तर सोडाच, आम्हाला पाण्याचा तांब्या आणि टेबलावर घालायला कापडसुद्धा मिळालं.

पंचवीसएक माणसं आली. निम्मे आमचे नातेवाईक, उरलेले खरोखरच व्याख्यानाला आलेले. दुसऱ्या रांगेत पांढरा शर्ट आणि मांडीवर कापडी पिशवी घेऊन एक आजोबा बसले होते. त्यांनी वही उघडली, तारीख घातली, 'उत्स्फूर्त अभिनय' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि पेन उघडून ते थांबले. तासाभरात आम्ही माकडचेष्टांपासून मुंजीपर्यंत सगळं करून दाखवलं. आजोबा लिहीत होते. काय लिहीत होते, कुणास ठाऊक.

पहिल्या वर्षभरात एक गोष्ट फार उशिरा आमच्या लक्षात आली. आम्हाला वाटत होतं, या कामाला हजरजबाबीपणा लागतो आणि तो तर आमच्याकडे पोतंभर आहे. आपल्याकडे त्याचं केवढं कौतुक! कोटी करणारा माणूस लग्नाच्या पंगतीत हवा असतो, ऑफिसात हवा असतो, अंत्ययात्रेतसुद्धा दबक्या आवाजात चालतो. आम्ही सहाही जण आपापल्या घरातले 'फार चलाख हो' म्हणून नावाजलेले. सहा चलाख माणसं एका स्टेजवर आली की काय होतं, ते सांगतो.

आमचा चौथा की पाचवा कार्यक्रम असेल. प्रेक्षकांतून शब्द आला, 'माळा'. आमची दातांची डॉक्टर पुढे आली. वर हात करून तिने काहीतरी खाली काढलं, त्यावरची धूळ हलकेच फुंकली, घडी उलगडली. हातात काहीही नव्हतं, पण तिची बोटं अशी चालत होती की जुनं, विरत आलेलं कापड दिसायला लागलं. सभागृह शांत झालं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, हे बघ. आजीचं लुगडं. अजून वास आहे रे तिचा."

आणि मी म्हणालो, "असणारच. धुतलंय कुणी?"

हशा आला. त्या वर्षातला सगळ्यात मोठा. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग तिच्याकडे पाहिलं. ती तशीच उभी होती, दोन हात पुढे. हातातलं लुगडं गेलं होतं. त्याचं फडकं झालं होतं आणि फडक्याचं पुढे करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तिने काहीतरी बोलून वेळ मारून नेली, मीही आणखी दोन कोट्या केल्या, कुणीतरी दिवा घालवला.

नंतर जिन्यापाशी वहीवाले आजोबा थांबले होते. ते प्रत्येक कार्यक्रमाला यायचे आता. म्हणाले, "ते लुगडं निघालं होतं ना माळ्यावरून, त्याचं पुढे काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही, आजोबा. तो प्रवेश तिथेच संपला."

"असं होय," म्हणाले आणि एकेक पायरी उतरत गेले. वहीत त्या पानावर त्यांनी काय लिहिलं असेल, याचा मी पुढे बरेच दिवस विचार करत होतो.

त्यानंतर मंगळवारच्या तालमींना अर्थ आला. समोरच्यानं जे दिलं ते घ्यायचं, हा या खेळाचा पहिला नियम. आम्ही तो घोकला होता, पण सवय होती ती समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्यात खोट काढायची. तेव्हा आम्ही एक जाच लावून घेतला. महिनाभर कुणीही कोटी करायची नाही, केली तर पुढच्या मंगळवारी सगळ्यांचा चहा त्याच्याकडे. पहिल्या आठवड्यात माझे तीनशे रुपये गेले.

आणखी एक खटपट होती भाषेची, आणि ती मात्र फार मजेची. या खेळांचा उगम शिकागोत. व्हायोला स्पोलिन नावाच्या बाईंनी स्थलांतरितांच्या, घरोघरी वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी नाटकाचे खेळ रचले. पुढे त्यांचा मुलगा आणि त्याचे साथीदार यांनी १९५९ साली तिथेच 'सेकंड सिटी' हे थिएटर काढलं आणि तिथून हे खेळ जगभर गेले. आमच्यापर्यंत आले ते इंग्रजीतून. मराठीत आणल्यावर त्यांची हाडं वेगळ्याच ठिकाणी वाकायला लागली.

एका खेळात प्रत्येक वाक्य पुढच्या अक्षरानं सुरू करायचं असतं. बँकेतला प्रवेश. "कर्ज पाहिजे होतं." "खातं आहे का इथे?" "गेल्या वर्षीच उघडलंय." "घराचे कागद आणलेत?" आणि मग येतो ङ. वर्णमाला करणाऱ्यांनी आमचा विचारच केलेला नाही. शेवटी ठरलं की ङ आणि ञ आले की दोघांनी एकदम शिंकायचं. लोक त्या शिंकेची वाट बघायला लागले. ण वर मात्र आम्ही दरवेळी अडायचो. एकदा असेच अडलेलो असताना मागून एका बाईंचा शांत आवाज आला, "णमो अरिहंताणं." आम्ही हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरा खेळ म्हणजे एकेकानं एकेक शब्द बोलून गोष्ट सांगायची. इंग्रजीत राजा म्हटलं की लगेच तो काय करतो ते कळतं. आपलं क्रियापद येतं सगळ्यात शेवटी. "राजाने," "राणीला," "तलवारीने," अशी गोष्ट सरकत यायची, सगळ्यांचा श्वास अडकलेला, आणि शेवटचा म्हणायचा, "ओवाळलं." ज्याच्या वाट्याला क्रियापद, त्याच्या हातात राज्य. बँकवाला तर आधीच आकडेमोड करून रांगेतली जागा बदलून घ्यायचा.

पण मराठीनं आम्हाला जे फुकट दिलं ते इंग्रजीवाल्यांना मिळत नाही. प्रवेशाच्या सुरुवातीला ही दोन माणसं एकमेकांची कोण, हे प्रेक्षकाला सांगावं लागतं. आमच्याकडे "अहो" म्हटलं की वीस वर्षांचा संसार उभा. "काय रे" म्हटलं की दोघं कट्ट्यावर. दाढीवाला आयटीवाला "मी आले गं" म्हणून शिरला की तो शेजारच्या काकू, आणखी काही करायला नको. जॉनस्टन नटांना शिकवायचा की कोण वर, कोण खाली, हे प्रत्येक वाक्यात दिसलं पाहिजे. आपल्याकडे ते व्याकरणातच बसवून दिलंय. एखादा मुलगा बापाला मध्येच 'तू'वरून 'तुम्ही' म्हणायला लागला, तर त्या घरात काय झालंय ते कुणी वेगळं सांगायला लागत नाही.

दुसऱ्या वर्षी थंडीत बँकवाल्याच्या आजोळी, वेंगुर्ल्याकडे गेलो. जत्रा होती आणि रात्री दशावतार. तो अनुभव सहा जणांपैकी कुणीच विसरलेलं नाही. देवळामागे नट आपापल्या आरशात बघून स्वतःच रंग लावत होते. आज कुठलं आख्यान आणि कोण कोण होणार, एवढं ठरलं की झालं. लिहिलेलं काही नाही. पेटी, पखवाज, झांज, आणि मध्ये एक लाकडी बाकडं, तेच सिंहासन. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असं या नटांबद्दल म्हणतात, कारण पूर्वी सामानाचे पेटारे डोक्यावर घेऊन ते पुढच्या गावाला चालत जायचे. आम्ही शिकागोची आणि लंडनची नावं घेत बसलो होतो आणि आमच्याच राज्यात, एका रात्रीच्या एसटीवर, माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत होती. बरं, १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी जो खेळ केला, ज्यापासून आपण मराठी रंगभूमीचा जन्म धरतो, त्यातही पदं तेवढी रचलेली, गद्य भाषणं नट आयत्या वेळी करायचे. त्या हॉलच्या खिडकीवर भावे आले असते तरी "पाठांतर झाल्यावर या" हेच ऐकावं लागलं असतं त्यांना.

त्या रात्री राजा बाकड्यावर बसून चांगला दहा मिनिटं बोलला. मी बघत होतो राणीकडे, म्हणजे राणी झालेल्या पन्नाशीच्या नटाकडे. तो ऐकत होता. राजाच्या एका शब्दावर त्याची मान जराशी खाली गेली, आणि तो बोलायला लागला तेव्हा नेमका तोच शब्द उचलून बोलायला लागला. एरवी त्याला वाटेल ते बोलायची मुभा होती. पहाटे परतताना सुमोत कुणीच कोटी केली नाही.

पुण्यात परत आलो. पुढे 'व्याख्याना'ची पाटी गेली, बाकरवडीच्या रिकाम्या डब्यात प्रेक्षकांकडून चिठ्ठ्या घ्यायची पद्धत सुरू झाली. भांडणंही झाली, एक आयटीवाला बंगलोरला गेला, एकदा पावसात समोर चारच माणसं होती आणि आम्ही पाच. ते सगळं असतंच.

तिसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतरचा कार्यक्रम. डबा फिरला, डॉक्टरनं हात घालून चिठ्ठी काढली. वहीच्या पानाचा चौकोनी तुकडा, एका बाजूला समास आखलेला. तिने वाचलं आणि जरा थांबली. मग मोठ्यानं वाचलं, "लुगडं. राहिलेलं."

दुसऱ्या रांगेत आजोबा वही मिटून बसले होते.

तिने हात वर केले, माळ्यावरून काढलं, धूळ फुंकली, घडी उलगडली. माझ्याकडे वळली. "दादा, आजीचं लुगडं. अजून वास आहे रे तिचा."

जिभेवर तीन वाक्यं आली. तिन्हींना हशा नक्की होता. मी खाली मांडी घातली, कापडाचं एक टोक धरलं आणि म्हणालो, "हळू. घडी मोडलीस तर ओरडेल ती."