पाच सळया आणि एक वीत

पाच भोकं. एका ओळीत, सारख्या अंतरावर.

पुण्याच्या कसबा पेठेत, तांबट आळीत, काकांनी आयुष्यभर बंब, घंगाळी आणि हंडे घडवले. गळकं भांडं बुजवून द्या म्हणणारे रोजचे. मुद्दाम भोकं पाडलेला तांब्याचा डबा मागणारे आम्हीच पहिले. कोणत्या धातूतून उष्णता किती सहज वाहते, हे दाखवणाऱ्या शाळेच्या प्रयोगासाठी हवाय म्हटल्यावर काकांनी पट्टी मागितली.

पत्रा कापला, भट्टीत लालबुंद केला आणि तसाच पाण्यात बुडवला. पोलाद असं विझवलं तर कडक होतं. तांबं मात्र मऊ पडतं, हाताने वाकेल इतकं. मग ठोकायला घ्यायचं. ठोके पडतील तसं ते पुन्हा ताठ होत जातं, वळेनासं होतं, की परत भट्टीत. एका भांड्यासाठी या फेऱ्या किती होतात, ते काका मोजत नाहीत. हातोडीच्या आवाजावरून कळतं म्हणतात. वर आलेली काळी खपली चिंचेनं घासून निघते.

आणि आता मठारकाम. गुळगुळीत तोंडाची हातोडी, ठोक्याला लागून ठोका. ही नक्षी नुसती शोभेची नाही, तिनेच पातळ पत्र्याला ताठपणा येतो. इथे मी थोडा वेळ गप्प बसून ठोके ऐकतो.

भोकांत बुचं बसवली आणि बुचांतून पाच सळया: तांबं, ॲल्युमिनियम, पितळ, लोखंड, स्टेनलेस स्टील. जाडी एक, लांबी एक, पाचहींवर सारखी काजळी धरलेली, म्हणजे हवेत उष्णता सोडण्यात कुणाला सूट नको. प्रत्येकीवर मेणाचा थर आणि मेणात रोवलेल्या टाचण्या. व्हिएन्नाच्या दरबारातले डच वैद्य यान इंगेनहाउझ यांनी 18व्या शतकात मेण लावलेल्या तारा गरम तेलात बुडवून हीच तुलना केली होती. झाडाची हिरवी पानं उजेडात प्राणवायू सोडतात, हे दाखवणारेही तेच.

डब्यात उकळतं पाणी. आतलं टोक पाचहींचं एकाच तापमानाला, सुमारे 100 अंशांना.

तांब्याची पहिली टाचणी पडली. दुसरी. आता ॲल्युमिनियम. पितळ मागे आहे.

पण आधी कोण पडलं यावर निकाल देऊ नका. धातू स्वतः तापायलाही उष्णता खातो, त्यामुळे सुरुवातीची शर्यत थोडी फसवी असते. थांबायचं, मेण वितळत पुढे जायचं थांबेपर्यंत. मग मोजायचं, मेण कुठवर वितळलं ते.

तांब्यावर एक वीत. ॲल्युमिनियमवर पाऊण. पितळेवर अर्धी वीत. लोखंडावर चार-पाच बोटं. स्टेनलेस स्टीलवर जेमतेम अडीच बोटं, पुढच्या टाचण्या जागच्या हलल्या नाहीत.

या अंतरांचे वर्ग घेतले की उष्णतावाहकतेचं गुणोत्तर मिळतं. पितळेचं अंतर निम्मं, म्हणजे वाहकता साधारण चौथाई. पुस्तकातले आकडे असे (वॅट प्रति मीटर प्रति केल्विनमध्ये): तांबं सुमारे 400, ॲल्युमिनियम 237, पितळ 110 ते 120, शुद्ध लोखंड 80, स्टेनलेस स्टील 15. चांदी या सगळ्यांच्या वर, 429. पण चांदीची सळई आम्हाला कोण देणार!

पितळेचं मला नवल वाटतं. त्यात निम्म्याहून जास्त तांबंच असतं, तरी वाहकता जस्ताच्या पातळीवर उतरते. धातूत उष्णता मुख्यतः मोकळे इलेक्ट्रॉन वाहून नेतात, आणि तांब्यात शिरलेले जस्ताचे अणू त्यांना पावलोपावली अडवतात. स्टेनलेस स्टीलमध्ये तर क्रोमियम आणि निकेलची गर्दीच.

स्वयंपाकघरात याचा अर्थ दुधाला विचारा. भांड्याचा पत्रा पातळच असतो, आरपार जायला कुठल्याच धातूत फार वेळ लागत नाही. प्रश्न आडवं पसरण्याचा. स्टीलच्या पातेल्यात ज्वाळेच्या वर्तुळावरच दूध करपतं. तांब्याच्या पातेल्यात उष्णता कडेपर्यंत वाटली जाते. आंबटाला मात्र आतून कल्हई हवीच.

घासायला सोपं, कल्हईची कटकट नाही, म्हणून घराघरांत स्टील आलं आणि आळीतल्या भट्ट्या कमी झाल्या.

पाणी अजून गरम आहे. काका स्टीलच्या सळईचं टोक चिमटीत धरतात. मग तांब्याचं धरायला जातात, आणि हात मागे घेतात.